चांदमारीचा अर्धा धडा

सोमवार, ३० जुलै १९५६. सकाळ.

आजपासून रोजनिशी. कारण आजपासून मी सशस्त्र आहे.

लायसन्स आलं, कॅम्पातल्या दुकानातून रिव्हॉल्व्हर आलं. मालक कंपनी, बाळगणार मी. रंगराव, वॉच अँड वॉर्ड ऑफिसर, पंपांचा कारखाना, पिंपरी. दुकानदारानं ते कसं उघडायचं, कसं भरायचं, कसं रिकामं करायचं ते सगळं दाखवलं. मी त्या वेळी आरशात कमरेचा पट्टा बघत होतो, पण मान हलवत होतो. सहा गोळ्या भरूनच द्या म्हटलं. ऑफिसरानं रिकामं शस्त्र लावून फिरणं बरं दिसत नाही.

मॅनेजरसाहेबांची एक अट आहे. देहूरोडजवळ चांदमारीच्या मैदानावर ज्योतीराम नावाचे रिटायर्ड सुभेदार दर रविवारी पिस्तुलाचा वर्ग घेतात. दहा रविवार हजर राहायचं आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सर्टिफिकेट साहेबांच्या टेबलावर ठेवायचं. नाही तर शस्त्र परत. वास्तविक आमचे आजोबा संस्थानच्या रिसाल्यात होते, शस्त्र रक्तातच आहे. सावित्री म्हणते, ते रिसाल्यातल्या घोड्यांना चंदी घालत असत. बायकांना इतिहास कळत नाही.

बुधवार, १ ऑगस्ट. संध्याकाळ.

बरकत फिटरला आज कामावरून काढलं. माझ्या रिपोर्टवरून. स्टोअरमधली, पंपात बसवायच्या पितळी बुशांची आख्खी पेटी जूनपासून गायब आहे. स्टोअरची चावी तिघांकडे असते, त्यांपैकी बरकतचा जेवणाचा डबा सर्वांत मोठा. मी डोकं चालवलं.

नऊ वर्षांची नोकरी होती, पण न्याय म्हणजे न्याय. गेटवर मी पट्ट्याला हात लावून उभा होतो. तो ओरडला नाही, शिव्या दिल्या नाहीत. हे मला आवडलं नाही. जाताना थांबला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, ‘दसऱ्याला येतो साहेब, भेटायला.’

याचा अर्थ काय?

रविवार, ५ ऑगस्ट. दुपार.

पहिला वर्ग. सुभेदार साठीचे, सडपातळ, हातात वेताची छडी. विद्यार्थी: एक बेकरीवाले, एक पेट्रोलपंपवाले, दोन कंत्राटदार आणि मी. आमची शस्त्रं बाजूला ठेवायला लावून आमच्या हातात चक्क लाकडी पिस्तुलं दिली.

तासभर गोळीचं नाव नाही. नळी कुठं बघते ते आधी बघा. चाप ओढायचा नसेल तर बोट चापावर नको. शस्त्र हातात आलं की पहिलं काम, उघडून बघा. दुसऱ्याच्या हातात देताना उघडून द्या. रिकामं आहे असं प्रत्यक्ष माझ्या बापानं सांगितलं असतं तरी मी उघडून बघितलं असतं, असं सुभेदार म्हणाले. हे वाक्य त्यांनी आमच्याकडून पाच वेळा म्हणवून घेतलं. बेकरीवाले तर वहीत उतरवून घेत होते.

चहानंतर खरी शस्त्रं उघडायला आणि रिकामी करायला शिकवणार होते. मी चहा पिऊन निघालो. ज्याचं शस्त्र आहे त्याला ते उघडता येतंच की.

घरी येऊन उघडायला गेलो. उघडलं नाही. नवीन आहे, थोडं आवळ असणार.

रविवार, १२ ऑगस्ट.

पाऊस. वर्गाला गेलो नाही. मॅनेजरसाहेबांना साप्ताहिक रिपोर्ट: ‘ट्रेनिंग समाधानकारक.’

गुरुवार, १६ ऑगस्ट. सकाळ ८.

गेटवरचा सयाजी भोसरीचा. सगळ्या गावांच्या बातम्या त्याच्याकडे. बरकत म्हणे चाकणला कांद्याच्या एका व्यापाऱ्याकडे पाण्याची इंजिनं दुरुस्त करतो. मी विचारलं, माझ्याबद्दल काही बोलला का? सयाजी म्हणाला, ‘व्हय. सायेब बरं हायती का इचारलं.’

बरे आहेत का. म्हणजे अजून बरे आहेत का, असंच ना?

रविवार, १९ ऑगस्ट.

स्वयंअध्ययन. आरशासमोर पट्ट्यातून शस्त्र काढण्याचा सराव, चाळीस वेळा. चामड्याची पट्टी दर वेळी घोड्यात अडकते. दहाव्या वेळेनंतर वेग वाढला. अडकण्याचाही.

सावित्री दारातून म्हणाली, आत गोळ्या आहेत का? मी म्हटलं, नसायला काय झालं. ती म्हणाली, मग आरशाकडे नळी का? तिला मुद्दा समजावून सांगण्यात वेळ गेला, त्यामुळे वर्ग बुडाला.

रविवार, २६ ऑगस्ट.

बेकरीवाल्याशेजारी बसायचं नाही असं ठरवलं आहे. पुढच्या रविवारपासून नियमित जाणार, पहाटे उठून, थंड पाण्यानं अंघोळ करून. रिपोर्ट: ‘ट्रेनिंग उत्तम. सुभेदार खूश.’

सोमवार, ३ सप्टेंबर. दुपार ३.

एक गोष्ट लिहून ठेवतो आणि विसरतो.

काल वर्गाला न जाता जुन्या टाइम ऑफिसची साफसफाई काढली. आज ती पुरी करताना कोपऱ्यात, पोत्यांखाली, एक पेटी सापडली. पितळी बुश. आख्खी पेटी, सीलबंद. मग हळूहळू आठवलं. पावसाळ्याच्या तोंडाला स्टोअरचं छप्पर गळत होतं, तेव्हा एका रविवारी मीच दोन हमाल लावून ती तिकडे हलवली होती. सामान सुरक्षित राहावं म्हणून. म्हणजे मी माझं कर्तव्यच केलं होतं.

पोती पुन्हा वर टाकली.

ही गोष्ट योग्य वेळी साहेबांच्या कानावर घालायची. आत्ता घातली तर गैरसमज होईल. सर्टिफिकेट मिळालं की माझ्या शब्दाला वजन येईल, मग बघू. आणि बरकतचा डबा मोठा होता ही गोष्ट खोटी नाही.

पण मग तो दसऱ्याला कशाला येतोय? चोराला राग येण्याचं कारण नसतं. राग येतो तो चोरी न केलेल्याला. हा विचार मनात आला आणि जेवण गेलं नाही.

रविवार, ९ सप्टेंबर.

घरी गणपती. वर्ग शक्यच नाही.

सयाजी आरतीला आला होता. म्हणाला बरकत काल कासारवाडीच्या नाक्यावर भेटला, इचारत हुता, दसऱ्याला साहेब घरी असत्यात ना? सीमोल्लंघनाला कोणत्या वाटेनं जात्यात? सयाजीनं सगळं सांगून टाकलं. कारखान्याच्या मागून, रेल्वे फाटकापलीकडे, आपट्याच्या झाडापर्यंत. साडेपाचला निघतात. एकटे. मी सयाजीला झापलं. तो म्हणाला, ‘चुकलं का काय माझं? चांगला मानूस हाय तो.’

आजपासून शस्त्र उशाखाली.

रविवार, १६ सप्टेंबर. सकाळ ११.

अक्षर वाईट येतं आहे.

मागच्या अंगणात सराव करत होतो. पट्टी अडकली. जोरानं ओढलं. बोट कुठं होतं ते मला माहीत नाही.

आवाज एवढा मोठा असतो हे कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असेल तर चहानंतर.

दोरीवर सावित्रीचं हिरवं लुगडं वाळत होतं, चौघडी घालून. त्याला चार भोकं पडली, एकामागे एक, एका रेषेत. मागच्या भिंतीचा पोपडा निघाला. सावित्री लुगड्यापलीकडे बसून तांदूळ निवडत होती. तेवढ्यात दूध उतू जाईल म्हणून आत गेली होती. सूप तिथंच होतं. तांदळात चुना पडला.

ती बाहेर आली. लुगडं बघितलं, सूप बघितलं, मग माझ्याकडे. मी म्हटलं, रफू होईल.

शेजारच्या क्वार्टरमधून आवाजाची चौकशी झाली. फटाका, असं सांगितलं. शस्त्र बाहेरच्या खोलीत खुंटीला अडकवलं. आत अजून पाच आहेत. पाच पुरेत. ते अजूनही उघडत नाही.

मंगळवार, १८ सप्टेंबर.

सावित्री दोन दिवस बोलत नाही. आज पोस्टकार्ड लिहीत बसली होती. कुणाला म्हणून विचारलं तर म्हणाली, ओळखीत. सयाजीच्या हातात टपालाला दिलं. माहेरी तक्रार गेली असणार.

रविवार, २३ सप्टेंबर. सकाळ १०.

पितृपक्ष. पितृपक्षात नवी विद्या शिकू नये, म्हणून घरी.

नऊ वाजता फाटक वाजलं. खिडकीतून बघतो तर सुभेदार, सायकलवरून, इतक्या लांबून. गैरहजर विद्यार्थ्याची चौकशी करायला आले असणार. मी घोंगडी घेऊन आतल्या खोलीत आडवा झालो आणि सावित्रीला खुणेनं सांगितलं, ताप. ती माझ्याकडे अशी बघत राहिली की मला खरंच ताप आल्यासारखं वाटलं.

तासभर बसले. दाराआडून बोलणं ऐकू येत नव्हतं, फक्त मधूनमधून अडकित्त्याचा आवाज. खट. मग थोडं बोलणं. पुन्हा खट. सुभेदारांना सुपारीचं बरंच व्यसन दिसतं. सावित्रीसुद्धा एवढी सुपारी कधी कातरत नाही.

जाताना ते दारातूनच मोठ्यानं म्हणाले, रंगराव, बरे व्हा. आणि पाठ झालेलं वाक्य विसरू नका. मी कण्हलो.

संध्याकाळी सावित्री बोलू लागली. पहिलं वाक्य: अहो, उघडून बघितलंत का?

मी म्हटलं, हो.

शनिवार, २९ सप्टेंबर.

सावित्रीला नवं खूळ लागलं आहे. रोज सकाळी मी पट्टा चढवताना विचारते, उघडून बघितलंत का. रोज मी सांगतो, हो. मग ती भाकरी थापायला जाते. शंका घेण्याची सवय स्त्रियांना लवकर लागते.

आजचा रिपोर्ट: ‘ट्रेनिंग अंतिम टप्प्यात.’

बुधवार, ३ ऑक्टोबर. संध्याकाळ.

साहेबांनी बोलावलं. पितळी बुश मिळेनात म्हणून दोन पंप अडून आहेत. चोरीचा माल कुठं गेला याचा पत्ता लागला का? मी म्हटलं, तपास नाजूक टप्प्यावर आहे. साहेब म्हणाले, बरकतसारखा फिटर पुन्हा मिळत नाही, नवा माणूस रोज काहीतरी मोडतो. मग म्हणाले, पण चोर म्हणजे चोर. मी होय म्हटलं.

‘होय’ हा एवढासा शब्द. परतताना जुन्या टाइम ऑफिसची वाट टाळली.

रविवार, ७ ऑक्टोबर.

दहावा आणि शेवटचा रविवार. नवरात्र बसलं आहे, घट सोडून जाता येत नाही.

सयाजी सकाळी सांगून गेला: ‘बरकतनं नवं जाकीट शिवलंय. म्हनला दसऱ्याला घालनार.’

आत मोठा खिसा असलेलं जाकीट. खिशात काय मावतं याचा दिवसभर विचार केला. कानस मावते. सुरा मावतो. चाकणला लोहार पुष्कळ.

योजना: वाट बदलायची नाही. वाट बदलली तर तो घरी येईल आणि घरी सावित्री आहे. फाटकाजवळ त्याला दहा पावलांवर थांबवायचं. थांबला नाही तर. पुढचं लिहिलं नाही तरी चालेल.

शनिवार, १३ ऑक्टोबर. खंडेनवमी. सकाळ.

शस्त्रपूजा. पाटावर तांबडं वस्त्र, त्यावर रिव्हॉल्व्हर, शेजारी माझा पाना, सावित्रीची विळी आणि कात्री. झेंडूची माळ. सावित्रीनं रिव्हॉल्व्हर खुंटीवरून स्वतः काढून आणलं, मुठीला धरून, नळी जमिनीकडे, बोट बाहेर. मला नवल वाटलं. गेल्या महिन्यात ती त्या खुंटीखालून जातसुद्धा नव्हती.

हळदकुंकू वाहताना म्हणाली, आज देवासमोर तरी उघडून बघा. मी म्हटलं, पूजेचं शस्त्र उघडत नाहीत, आज त्याला विश्रांती. ती म्हणाली, उद्या नेऊ नका. मी म्हटलं, सीमोल्लंघनाला शस्त्र न्यायचीच रीत आहे. ती म्हणाली, बरं. आणि एवढंच म्हणाली.

त्या ‘बरं’मध्ये काहीतरी होतं. विचारलं असतं तर सांगितलं असतं तिनं. विचारलं नाही.

रविवार, १४ ऑक्टोबर. दसरा. संध्याकाळ ७.

क्रमानं लिहितो.

साडेपाचला निघालो. पट्टा बाहेरून दिसेल असा. सावित्रीनं ओवाळलं. कारखाना बंद, धुराडं गार, रस्त्यावर चिटपाखरू नाही. रेल्वे फाटक ओलांडलं. आपट्याच्या झाडाखाली तो उभा होता. पांढरा पायजमा, तपकिरी जाकीट, डोक्याला टोपी.

मला बघून चालत आला. पंधरा पावलं. दहा. मी थांब म्हणणार होतो. तो हसत होता. हसतच त्यानं उजवा हात जाकिटाच्या आत घातला.

पट्टी अडकली नाही. आयुष्यात एकदाच अडकली नाही. शस्त्र हातात आलं, नळी त्याच्या छातीकडे, आणि मी चाप ओढला.

खट.

पुन्हा ओढला. हे लिहिलंच पाहिजे. एकदा ओढून थांबलो नाही. पुन्हा ओढला.

खट.

बरकत जागच्या जागी उभा होता. हात जाकिटातून बाहेर आलेला, हातात आपट्याची पानं. फाटकापलीकडून मालगाडी गेली, ती पूर्ण जाईपर्यंत आम्ही तसेच उभे होतो.

मग तो पुढे आला आणि पानं माझ्या डाव्या हातात ठेवली, कारण उजवा मोकळा नव्हता. म्हणाला, ‘सोनं घ्या साहेब. सोन्यासारखं ऱ्हावा. आमची अम्मी म्हणायची, वर्षाचं भांडण दसऱ्यापलीकडं न्यायचं न्हाई. म्हणून आलो.’

दर वर्षी तो गेटवर मला सोनं देत असे. नऊ वर्षं. हे मला तोपर्यंत आठवलं नव्हतं.

घरी आलो. सावित्री दारात होती. तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं. मग आतून गोड्या मसाल्याचा डबा आणला, झाकण काढलं. मसाल्यात चिंधीची पुरचुंडी. पाच गोळ्या आणि एक रिकामी पुंगळी.

विचारलं, कधीपासून? म्हणाली, सुभेदार आले त्या दिवसापासून. कार्ड मीच टाकलं होतं. त्यांनी उघडायला शिकवलं, रिकामं करायला शिकवलं आणि माझ्याकडून वीस वेळा करून घेतलं. तेव्हापासून रोज पहाटे मी उघडून बघते. तुम्ही कधीतरी उघडाल, रिकामं दिसेल, रागवाल, म्हणून रोज विचारत होते. तुम्ही रोज हो म्हणालात.

मग तिनं रिव्हॉल्व्हर हातात घेतलं, घोड्याजवळचा खटका अंगठ्यानं दाबला आणि नळी खाली वाकवली. अडकित्त्यासारखं उघडलं. तोच आवाज. मला शिकवलं. तीन मिनिटं लागली.

सोमवार, १५ ऑक्टोबर.

रिव्हॉल्व्हर उघडं करून साहेबांच्या टेबलावर ठेवलं. सर्टिफिकेट नाही म्हणून सांगितलं. साहेबांनी रिपोर्टांची फाइल काढली, ‘सुभेदार खूश’ हे वाक्य मला मोठ्यानं वाचायला लावलं.

मग पेटीचं सांगितलं. हमालांची नावं सांगितली. छपराचं कारण सांगताना मध्येच थांबलो, कारण साहेब खिडकीबाहेर बघत होते. शेवटी म्हणाले, चाकणला तुम्ही स्वतः जा. त्याला घेऊन या. तो आला नाही तर तुम्हीही येऊ नका.

गुरुवार, १८ ऑक्टोबर. चाकण.

बरकत व्यापाऱ्याच्या विहिरीवर इंजिन खोलून बसला होता. त्याला सगळं सांगितलं. पेटी, पोती, ३ सप्टेंबर. हात पुसत ऐकत होता. डबा मोठा होता म्हणून, हे सांगितल्यावर तो म्हणाला, ‘घरात सहा माणसं हायत साहेब. येताना बाजारातनं डब्यातच भाजी आणायचो.’

येतो म्हणाला. नोकरी हवी होती त्याला, घरात दोन महिने ओढाताण चालली होती. मग फडकं खांद्यावर टाकून म्हणाला, ‘साहेब, एक इचारू का? त्या दिवशीचा आवाज मी ओळखला. फिटर हाय मी. घोडा रिकाम्यावर पडला. तुम्हाला ठावं होतं ना, रिकामं हाय म्हणून? दसऱ्याची मस्करी केली ना?’

तो माझ्या तोंडाकडे बघत होता. त्याला होकार हवा होता. माझ्यापेक्षा त्यालाच जास्त हवा होता.

मी म्हटलं, हो. ठाऊक होतं.

तो एकदम मोकळा हसला. म्हणाला, अल्ला, चार रात्री झोप न्हाई मला. व्यापाऱ्यालाही हाक मारून सांगितलं, साहेबांनी काय घाबरवलं बघा. व्यापारी हसला. मी पण हसलो.

इथं लिहितो, कारण इथं कुणी वाचत नाही. नव्हतं ठाऊक.

रविवार, २१ ऑक्टोबर. दुपार.

बरकत कामावर रुजू झाला. दोन्ही पंप सुटले. गेटवर सलाम करतो आणि सगळ्यांना मस्करीची गोष्ट सांगतो. सयाजी म्हणतो, सायेब लई इनोदी.

सकाळी नव्या वर्गाला गेलो. पहिल्या रांगेत बसलो. सुभेदारांनी लाकडी पिस्तूल दिलं. चहानंतरही बसलो.

जेवण झाल्यावर सावित्रीनं पानाचा डबा पुढे घेतला, अडकित्ता काढला. मी तिला म्हटलं, आजपासून मला सुपारी नको. तिनं का म्हणून विचारलं नाही. अडकित्ता डब्यात ठेवला आणि झाकण आवाज न करता लावलं.